वकील व्हायचंय, पण घरात कोणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वस्तीतल्या, वाडी-तांड्यावरच्या, आश्रमशाळेतल्या मुलांना कायद्याच्या क्षेत्राची ओळख करून देताना शिक्षक, पालक, शाळेत येणारे वकील आणि खुद्द मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. महाराष्ट्रातली व्यवस्था गृहीत धरली आहे. प्रवेशाचे नियम आणि तारखा दरवर्षी थोड्याफार हलतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचायचीच.

माझे वडील गवंडीकाम करतात. आमच्यात कोणीच वकील नाही. मला होता येईल का?

होता येईल. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळायला मान्यताप्राप्त संस्थेची कायद्याची पदवी लागते आणि राज्याच्या बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेकडे, नोंदणी करावी लागते. त्यानंतर बार कौन्सिल ऑफ इंडियाची एक परीक्षा पास व्हावी लागते. आई-वडील काय करतात, हा रकाना त्यात कुठेच नाही.

घरात वकील असण्याचा फायदा होतो, हे मात्र खरं आहे. तयार ऑफिस मिळतं, कपाटभर पुस्तकं मिळतात, पहिले पक्षकार मिळतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कुणाला काय विचारायचं हे आधीच ठाऊक असतं. तुम्हाला हे बाहेरून मिळवावं लागेल, आणि मोठ्यांची मदत लागते ती इथे. स्फूर्तिदायक भाषणं मुलांनी भरपूर ऐकलेली असतात. ज्याला बिनधास्त फोन करता येईल असा एखादा वकील आणि वेळेवर हातात पडलेला दाखला, या दोन गोष्टींनी जास्त काम होतं.

कितवीपासून सुरुवात करावी?

आठवी-नववीपासून. तेव्हा "तू वकील होणार का?" हे विचारायची गरज नाही, कोर्टात काय चालतं ते दाखवलं तरी पुरे. दहावीपर्यंत बहुतेक मुलांना पोलीस, शिक्षक, नर्स, सैनिक हीच कामं जवळून दिसलेली असतात, आणि मूल जे बघतं त्यातूनच निवडतं.

आठवीत आणखी एक काम उरकून घ्या. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे एनएमएमएस, या परीक्षेला मुलांना बसवा. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांपर्यंत असेल आणि निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्याचा कायद्याशी थेट संबंध नाही, पण बारावीच्या आत शाळा सुटली तर पुढचं सगळंच सुटतं.

मुलांना खरंखुरं कोर्ट दाखवायला नेता येतं का? परवानगी कुणाची घ्यायची?

नेता येतं, आणि आमच्या मते या सगळ्या प्रश्नांत ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. आपल्याकडे न्यायालयाचं कामकाज साधारणपणे खुलं असतं. लैंगिक गुन्ह्यांचे खटले, बालकांशी संबंधित प्रकरणं आणि काही कौटुंबिक वाद बंद दाराआड चालतात, तेवढे सोडून. तरीही तीस मुलांची रांग अचानक नेऊन उभी करू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं, म्हणजे गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेचं, कार्यालय असतं. तिथल्या सचिवांच्या नावे शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या. हे सचिव स्वतः न्यायाधीश असतात आणि शाळांत कायदेविषयक जागृती करणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. तालुक्याच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समिती असते.

दहा-बाराच्या गटाने जा. मोबाइल बंद ठेवायचा, मागच्या बाकांवर बसायचं, न्यायाधीश आले की उभं राहायचं, एवढं आधी सांगितलं की पुरतं. मुलं सिनेमा डोक्यात घेऊन येतात, त्यामुळे पहिला अर्धा तास त्यांची निराशा होणार. शिपाई पुकारा करतो, दोन वकील उठतात, काहीतरी हळू आवाजात बोलतात आणि पुढची तारीख पडते. हेच बघू द्या. मग बाहेर आणून विचारा: तारीख का पडली असेल? कोण आलं नव्हतं? न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून टाइप कोण करत होतं? बेलीफ म्हणजे कोण? आवारातला स्टॅम्प व्हेंडर, अर्ज टाइप करून देणारा, नोटरी, बार रूममधला ज्युनिअर, यांतल्या एकाशी तरी मुलांचं बोलणं घडवून आणा. न्यायाधीशांनी पाच मिनिटं दिली तर उत्तमच. बहुतेक जण देतात.

कोर्ट फार लांब असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचं कामकाज २७ सप्टेंबर २०२२ पासून थेट प्रक्षेपित होतं, ते दाखवता येईल. ते इंग्रजीत असतं आणि मुलांना कंटाळवाणं वाटू शकतं. वीस मिनिटांहून जास्त दाखवू नका.

आमच्या वस्तीतली मुलं कोर्टाचं नाव काढलं तरी घाबरतात. काहींच्या घरच्यांवर केसेस आहेत. त्यांच्याशी कसं बोलावं?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे वाक्य मुलांनी घरात ऐकलेलं असतं. काही घरांत त्याला कारणही असतं. पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजांना इंग्रजांच्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण चोरी झाली की पहिली धाड पालावरच पडते, असं तिथली मुलं सांगतात. त्यांना "कायदा आपला मित्र आहे" असं सांगून चालत नाही. ती हसतात, आणि त्यांचं हसणं बरोबर असतं.

उपयोग होतो तो नेमक्या माहितीचा. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं, हे संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदात लिहिलेलं आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतले लोक यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्याचा हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे. हे ऐकल्यावर वर्गात कुणीतरी विचारतंच, "मग माझ्या काकाला का नाही मिळाला?" कायद्याचा अभ्यास नेमका त्या प्रश्नापासून सुरू होतो. उत्तर देण्याची घाई करू नका. मात्र कुणाच्या घरची केस वर्गासमोर उकलायला लावू नका. ती गोष्ट बाजूला, एकट्याने, आणि मुलाची इच्छा असेल तरच.

वडिलांवर गुन्हा दाखल असेल तर मुलाला सनद मिळते का?

मिळते. कायदा अर्जदाराची स्वतःची शिक्षा बघतो, वडिलांची नाही. नैतिक अधःपतनाच्या, म्हणजे फसवणूक-लाचखोरीसारख्या, गुन्ह्यात अर्जदाराला स्वतःला शिक्षा झाली असेल तर नोंदणी अडते, आणि तीही सुटकेनंतर दोन वर्षं. अल्पवयात बाल न्याय मंडळापुढे जावं लागलेल्या मुलांना त्या नोंदीमुळे पुढे अपात्र ठरवू नये, असं २०१५ चा बाल न्याय कायदा म्हणतो. अपवाद आहे तो सोळा ते अठरा वयात अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेल्यांचा. निरीक्षणगृहात काम करणाऱ्यांनी हे मुलांना आवर्जून सांगावं.

दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी?

कोणतीही. कला शाखा घेतली तर राज्यशास्त्र आणि इतिहास उपयोगी पडतात, पण विज्ञान-वाणिज्यवाल्यांचं काही अडत नाही.

पाच वर्षांचा कोर्स की तीन वर्षांचा?

बारावीनंतर थेट पाच वर्षं, किंवा आधी पदवी आणि मग तीन वर्षं. दोन्हींतून मिळणारी सनद एकच. पाच वर्षांच्या वाटेने एक वर्ष वाचतं. तीन वर्षांच्या वाटेत मधे पदवी हातात असते, त्यामुळे घरात अडचण आली तर नोकरी धरता येते. ज्या घरात पाच वर्षं दम धरणं कठीण आहे, त्यांना आम्ही तीनचा रस्ताही तितक्याच मोकळेपणाने सांगतो. पाच वर्षांचा अभ्यासक्रम बऱ्याच महाविद्यालयांत विनाअनुदानित असतो, हेही लक्षात ठेवा.

घरबसल्या एलएल.बी. करून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. दूरशिक्षणाने केलेली एलएल.बी. सनदेसाठी चालत नाही. वर्गातली हजेरी सत्तर टक्के लागते.

सीईटी आणि क्लॅट यांत फरक काय? दोन्ही द्याव्यात का?

राज्यातल्या विधी महाविद्यालयांत प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो. ती मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असते. बारावीला खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासूनचं, पुण्याचं आयएलएस १९२४ चं. दोन्हींकडे याच परीक्षेतून जाता येतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये त्या मुंबईच्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले होते. संविधान बाबासाहेबांनी लिहिलं हे मुलांना पाठ असतं, पण ते मुंबईच्या कोर्टांत वकिली करत होते हे बहुतेकांना नवीन असतं.

क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची परीक्षा, म्हणजे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि देशभरातल्या अशा बहुतेक विद्यापीठांसाठी. ती फक्त इंग्रजीत असते, लांबलचक उतारे असतात, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. साधारणपणे डिसेंबरमध्ये होते, म्हणजे बारावीच्या बोर्डाच्या आधी. अर्जाची फीच चार हजारांच्या आसपास असते आणि विद्यापीठांचा वर्षाचा खर्च दोन लाखांच्या पुढे जातो. म्हणून क्लॅटचा आग्रह सगळ्यांना धरू नये. ज्या मुलाला इंग्रजी वाचायची गोडी आहे, त्याला मात्र पैशांच्या भीतीने आधीच बाजूला काढू नका. प्रा. शामनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेली आयडिया ही संस्था अशाच मुलांना निवडून क्लॅटची तयारी करून घेते आणि पुढे फीसाठीही मदत उभी करते.

इंग्रजी येत नाही. मग?

हा प्रश्न इतका मोठा करून ठेवला आहे की मुलं इथेच माघार घेतात. नीट बघा. महाराष्ट्रातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. साक्षीदाराची उलटतपासणी मराठीत होते, अर्ज मराठीत असतात, आणि अस्सल मराठी बोलणाऱ्या वकिलाला तिथे मान असतो. सातबारा, फेरफार, वारस नोंद, वाटणी हे शब्द घरात ऐकलेल्या मुलाला दिवाणी कोर्टात शहरातल्या मुलापेक्षा लवकर उमगतं. अनेक विद्यापीठांत एलएल.बी.चे पेपर मराठीत लिहायची मुभा असते. प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयात विचारून घ्या.

दुसरी बाजूही सांगायला हवी. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, महत्त्वाचे निकाल इंग्रजीत येतात, कंपन्यांचं काम तर जवळपास सगळंच इंग्रजीत. तेव्हा इंग्रजी लागेल, पण ती वाचायची इंग्रजी. फाडफाड बोलणं नंतर येतं, न आलं तरी तालुक्याला पोट भरतं. नववीपासून रोज एक परिच्छेद वाचायचा आणि त्याचा अर्थ मराठीत दोन ओळींत लिहायचा, इतकं केलं तरी बारावीपर्यंत फरक दिसतो. सुरुवातीला संविधानाचे मूलभूत हक्क घ्या, मराठी आणि इंग्रजी प्रत शेजारी ठेवून. दोन्ही प्रती सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत.

एकूण खर्च किती येतो आणि तो कुठून भागवायचा?

शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयात वर्षाची फी हजारांत असते, खासगी ठिकाणी लाखाच्या पुढे जाऊ शकते. फीपेक्षा राहण्या-जेवणाचा खर्च जास्त मारतो. गावातून शहरात आलेली मुलं कॉलेज सोडतात ती बहुतेकदा खोलीभाड्यामुळे.

जवळपास सगळ्या सवलतींचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असतो. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, मर्यादा आठ लाख. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ताही आहे. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा बदल झाला. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं.

या फीसवलती साधारणपणे कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतलेल्यांनाच मिळतात. घाईघाईने व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की सवलत गेली. दलाल हे सांगत नाहीत.

सनदेचा खर्च आता कमी झाला आहे. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की नोंदणीसाठी खुल्या प्रवर्गाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाहीत. त्याआधी हा आकडा हजारांत असायचा. बार कौन्सिलच्या परीक्षेची फी वेगळी.

पुस्तकं जुनी मिळतात, पण वर्ष बघून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदाही बदलला. रस्त्यावर दंड संहिता पन्नास रुपयांत मिळते ती उगाच नाही.

कोणती कागदपत्रं लागतात आणि कधी काढायची?

अकरावीत. बारावीच्या निकालानंतर नव्हे. दरवर्षी हुशार मुलांच्या जागा जातात त्या गुणांमुळे कमी आणि कागदांमुळे जास्त, असं आम्ही बघत आलोय.

जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तिथे नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधारशी जोडलेलं बँक खातं. यातलं वैधता प्रमाणपत्र सर्वांत जास्त वेळ खातं. त्यासाठी जुन्या पिढीचे पुरावे लागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद, जुना सातबारा. ज्या घरातलं मूलच पहिल्यांदा शाळेत गेलंय, त्या घरात आजोबांचा दाखला कुठून येणार? तेव्हा वडिलांच्या बाजूच्या नातेवाइकांत कुणाची वैधता आधी झाली आहे का ते शोधा. चुलतभावाचं प्रमाणपत्र मोठा आधार ठरतं. नावातला फरक, म्हणजे एका कागदावर "बाळू" आणि दुसऱ्यावर "बाळासाहेब", तो आधीच दुरुस्त करून घ्या.

शाळेला खरोखर काही करायचं असेल तर अकरावीच्या दिवाळी सुट्टीआधी एक दिवस सेतू केंद्रातल्या माणसाला शाळेत बोलवा. करिअर मार्गदर्शनाच्या तीन व्याख्यानांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आमची मुलगी लाजाळू आहे. वकिलाला तर खूप बोलावं लागतं ना?

वकिलाला वाचावं आणि लिहावं जास्त लागतं. दावा, लेखी जबाब, नोटीस, करार हे सगळं टेबलावर बसून होतं. उभं राहून बोलणं थोडा वेळ, तेही कागद हातात धरून. वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवणाऱ्यालाच "तू वकील हो" म्हणायची आपल्याकडे सवय आहे. भांडण झाल्यावर दोन्ही बाजूंचं ऐकून घेणारी, वहीत सगळं नीट टिपणारी मुलगीही हेरा.

मुलगी म्हणून विचारत असाल, तर नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींचं उदाहरण द्या. त्यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पण स्त्रियांना वकिलीची दारं उघडली ती १९२३ च्या कायद्याने. आज मुलींपुढे प्रश्न उरतो तो रोजच्या सोयींचा. कोर्टात स्वच्छतागृह आहे का, ऑफिसातून उशिरा परतताना गाडी मिळते का, सिनिअर कसा आहे. पालक हे विचारतात तेव्हा त्यांना मागासलेले समजू नका.

दृष्टिहीन विद्यार्थी न्यायाधीश होऊ शकतो का?

हो. केवळ दृष्टी नाही म्हणून न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०२५ ला दिला.

वकिलीशिवाय आणखी काय करता येतं?

सरकारी वकील, कंपनी किंवा बँकेतला विधी अधिकारी, कायद्याचा अनुवादक, प्राध्यापक, कामगार आणि जमिनीच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संघटनांचा सल्लागार. विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ पासून गरीब आरोपींसाठी पूर्णवेळ बचाव वकिलांची व्यवस्था उभी केली, तिथे मानधनावर नेमणुका होतात. न्यायाधीश व्हायचं तर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाची परीक्षा आहे. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालानंतर त्यासाठी किमान तीन वर्षांची वकिली लागते. घरी हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पदवी झाल्या झाल्या "परीक्षा कधी?" सुरू होतं.

किती वर्षांनी पैसे मिळू लागतात? खरं सांगा.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं बहुतेकांची ओढाताणीची जातात. सिनिअरकडे ज्युनिअर म्हणून काम करताना तालुक्याला प्रवासखर्च सुटला तरी पुष्कळ, अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतनाची शिफारस केली, पण ती शिफारसच आहे, सक्ती नाही. वडिलांच्या पैशावर तगणारा मुलगा हा काळ काढतो, मजुराची मुलगी काढू शकत नाही. गुणी मुलं गळतात ती इथे.

म्हणून मदत करणाऱ्यांनी बारावीपाशी थांबू नये. पैसे देणाऱ्या सिनिअरकडे शब्द टाकावा, नोटरी-नोंदणीची छोटी कामं मिळवून द्यावीत. घरची अगदीच ओढ असेल तर आधी विधी अधिकाऱ्याची नोकरी करून मग कोर्टात येण्यातही कमीपणा नाही.

शाळेत वर्षभर काय उपक्रम घ्यावेत?

अभिरूप न्यायालय घ्या, पण "मिलॉर्ड, ऑब्जेक्शन" असलं नाटक नको. शाळेतलाच विषय घ्या: मधल्या सुट्टीत खिडकीची काच फुटली, भरपाई कुणी द्यायची? एका गटाने तक्रार लिहायची, दुसऱ्याने उत्तर. साक्षीदाराने स्वतः पाहिलं तेवढंच सांगायचं, ऐकीव गोष्ट चालणार नाही. निकाल देणाऱ्याने कारणं लिहायची. मग बाजू बदलून पुन्हा. बाजू बदलली की मुलांना जो धक्का बसतो, तो बघण्यासारखा असतो.

याशिवाय माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज, गावातल्या खऱ्या प्रश्नावर, मुलांच्या मदतीने लिहून एखाद्या मोठ्या माणसाच्या नावे पाठवा. अर्जाची फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तर आलं तर वर्गात वाचा, नाही आलं तर अपील कसं करायचं हा पुढचा तास.

मी वकील आहे. शाळेत येऊन काय करू?

स्वतःच्या यशाची कहाणी दहा मिनिटांत आटपा. बॅगेतली एखादी निकाली निघालेली फाइल, नावं झाकून, मुलांच्या हातात द्या: वकालतनामा, दावा, रोजनामा, निकाल. पहिली केस हरल्याचं सांगितलंत तर मुलं जास्त प्रश्न विचारतील. आणि निघताना शिक्षकांना विचारून दोन-तीन मुलांची जबाबदारी घ्या, पुढच्या वर्षीही याल अशी. नुसतं एकदा येऊन फोटो काढून जाणार असाल तर राहू द्या.

बारावी झाली, सीईटी हुकली, आता कामाला लागलोय. सगळं संपलं का?

नाही. काम करता करता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घ्या आणि मग तीन वर्षांच्या एलएल.बी.ची सीईटी द्या. दहावी-बारावी रीतसर पास असेल तर मुक्त विद्यापीठाची पदवी चालते. दहावी-बारावी न करता थेट पदवी घेतली असेल तर बार कौन्सिलच्या नियमांत ती बसत नाही. प्रवेश झाला की सकाळच्या सत्राचं महाविद्यालय बघा. आणि तोवर बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरात कोरड्या जागी ठेवा, मूळ प्रत कुणाकडेही ठेवायला देऊ नका.